आधी हात, मग खोगीर

आज बोलायचंय माथेरानच्या आणि रोज कुठेही खोगीर कसणाऱ्या माझ्या घोडेवाल्या भावांशी. खरारा तुम्ही नेमाने करता. पण खराऱ्याच्या दातांना दुखरी जागा कळत नाही. ती तळव्याला कळते. म्हणून आधी हात, मग खोगीर.

आपल्या गळ्याखाली आडवं हाड असतं, घोड्याला ते नाहीच. त्याचे पुढचे पाय धडाला नुसत्या स्नायूंनी बांधलेले. छाती जणू झोळीत टांगलेली, आणि निम्म्याहून जास्त भार पुढच्याच पायांवर. दस्तुरी नाक्यापासून लाल मातीच्या चढउतारावर पर्यटकाला घेऊन तो दिवसभर फिरतो, तेव्हा ती झोळी आणि खोगिराखालची पाठ आवळून येते. मग तंग कसताना तो कान पाडतो, चावायला वळतो. तुम्ही म्हणता, खोडील आहे. अहो, त्याचं दुखतंय!

पोळ्यांची कणीक घट्ट झाली तर आपण तिच्यावर बुक्क्या मारतो का? हाताला तेल लावून तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने हळूहळू दाबत जातो. इथेही तसंच. तळवा नुसता ठेवा, ऊब जाऊ द्या. मग केसांच्या दिशेने मान, खांदा, पाठ, पुठ्ठा. गाठ लागली की तिथे थांबा, बोट खुपसू नका. कण्याच्या हाडावर दाब नको. कणीक मऊ झाली हे बोटांना कळतं. घोडा तर स्वतःच सांगतो. ओठ सैल सोडतो, जांभई देतो, तोंड चघळल्यासारखं हलवतो. पाठ खाली दबली, तर तुमचा हात जड आहे. आणि कणीक मळल्यावर झाकून ठेवतो ना? तसं यालाही लगेच जुंपू नका, चार पावलं मोकळा चालवा.

मात्र गरम सूज असेल तर मालिश नको. घोडा जागीच थिजला, घामाने निथळला, पुठ्ठे लाकडासारखे झाले, लघवी काळपट आली, तर हात लावू नका, चालवूही नका. डॉक्टरांना बोलवा.

पुन्हा सांगते, कारण घाईत हेच राहून जातं: तंग कसण्याआधी दोन मिनिटं पाठीवर तळवा. आधी हात, मग खोगीर.

आणि खोगिरातली भरती एका जागी गोळा झाली असेल तर ही सगळी मालिश... वेळ संपल्याची खूण होतेय. निदान आज रात्री खोगीर उलटं करून भरती चाचपून बघा.