पेयाच्या डब्याचे झाकण निवडताना

ॲल्युमिनियमच्या डब्यात पेय भरून विकू पाहणाऱ्या उद्योजकाचे लक्ष बहुधा डब्यावरील छपाईकडे आणि भरणी यंत्राच्या वेगाकडे असते, आणि झाकणाचा विचार खरेदीच्या यादीत अगदी शेवटी, हजार नगांच्या दरापुरता होतो. वस्तुतः गळती, फुगवटा आणि बिघडलेली चव या तक्रारींचे मूळ शोधत गेले असता पुष्कळदा ते झाकणापाशी किंवा झाकण आणि डबा यांच्या सांध्यापाशी सापडते. मावळ तालुक्याच्या दृष्टीने हा विषय परका नाही. तळेगाव दाभाडे येथे 1908 साली पैसा फंडाच्या लोकवर्गणीतून काच कारखाना उभा राहिला, म्हणजे भांडी घडवण्याची परंपरा या भागाला शंभर वर्षांहून अधिक काळाची आहे. आज घाटाखाली तळोजा येथे बॉल कंपनीचा आणि मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर येथे कॅनपॅक कंपनीचा पेयांचे डबे बनवणारा कारखाना असल्यामुळे मावळातल्या पवना धरणाजवळच्या पवनानगर परिसरात जांभूळ, करवंद किंवा कोकम यांचे पेय डब्यात भरू पाहणाऱ्याला रिकामे डबे राज्यातूनच मिळू शकतात.

डबा आणि झाकण एकाच धातूचे दिसत असले तरी त्यांची मिश्रणे वेगळी असतात. डब्याचे अंग ओढून ताणून पातळ करावे लागते, म्हणून त्यासाठी मँगॅनीजयुक्त मऊ मिश्रधातू वापरतात आणि त्याची भिंत एक दशांश मिलिमीटरच्या आसपास राहते. झाकणाला मात्र सपाट राहून आतला दाब पेलायचा असतो, म्हणून त्यात सुमारे साडेचार टक्के मॅग्नेशियम असलेला कठीण मिश्रधातू येतो आणि त्याची जाडी भिंतीच्या दुपटीच्या घरात असते. या झाकणाच्या कडेला आतून रबरी लेपाचे वळे दिलेले असते. भरलेल्या डब्यावर झाकण बसवणारे यंत्र, ज्याला कारखान्यात सीमर म्हणतात, ते झाकणाची कड आणि डब्याचा ओठ एकमेकांत अडकवून करंजीच्या मुरडीप्रमाणे दुमडते आणि नंतर ती घडी दाबून घट्ट करते. या घडीला डबल सीम असे नाव आहे. पहिला रोल दुमडतो, दुसरा दाबतो, आणि झाकणाच्या खोलगट भागात बसलेला चक नावाचा पोलादी ठोकळा या दोन्ही रोलांच्या दाबाला आतून आधार देतो.

निवडीचा पहिला प्रश्न मापाचा आहे, आणि येथे आकड्यांचा घोळ पुष्कळ होतो. 202 या संज्ञेतील पहिला अंक पूर्ण इंच दाखवतो आणि पुढचे दोन अंक इंचाचे सोळांश भाग दाखवतात, म्हणजे 202 चे झाकण दोन पूर्णांक दोन सोळांश इंचांचे, सुमारे 54 मिलिमीटरचे होय. हेच झाकण मिलिमीटरच्या पद्धतीत 52 या आकड्याने ओळखले जाते, कारण तेथे माप वेगळ्या ठिकाणी धरलेले असते. नेहमीच्या रुंद डब्यावर आणि उंच, सडपातळ 330 मिलिलिटर डब्यावर 202 चेच झाकण बसते, तर ऊर्जा पेयांच्या बारीक 250 मिलिलिटर डब्याला 200 चे झाकण लागते. मात्र माप जुळले म्हणजे काम झाले, असे समजणे सर्वांत महाग पडते. 202 च्या मापातच बी-64 ही जुनी घडण आहे, आणि धातू वाचवण्यासाठी पुढे आलेल्या सीडीएल व सुपरएंड या घडणीही आहेत. त्यांच्या खोलगट भागाच्या भिंतीचा उतार निराळा असल्यामुळे एकीचा चक दुसरीला चालत नाही. जुने सीमर स्वस्तात घेऊन त्यावर नव्या घडणीची झाकणे चालवू पाहणाऱ्याच्या डब्यांची घडी वरून गुळगुळीत दिसते, पण आत झाकणाची कड आणि डब्याचा ओठ यांची गुंफण अपुरी राहते आणि डबा कारखान्यात न गळता दुकानात गळतो. झाकणांच्या एका पॅलेटवर लाखाहून अधिक नग येत असल्यामुळे ही चूक लहान प्रमाणात करताही येत नाही. म्हणून झाकणाची घडण आधी ठरवावी, तिचे रेखाचित्र डबा पुरवठादाराकडून घ्यावे आणि मगच सीमरचे चक व रोल यांची मागणी नोंदवावी. पेय दुसऱ्याच्या कारखान्यात जॉब वर्कवर भरून घ्यायचे असेल, तर त्या यंत्रावर कोणते झाकण चालते हे विचारून तेच स्वीकारावे, कारण एका लहान ग्राहकासाठी कोणीही आपले यंत्र बदलत नाही.

दुसरा प्रश्न दाबाचा आहे. पेयात विरघळवलेला कार्बन डायऑक्साइड पेयाच्या आकारमानाच्या किती पट आहे, यावरून वायूचे प्रमाण मोजतात. चार पट वायू असलेल्या पेयाचा दाब 20 अंश सेल्सिअसला बाहेरच्या हवेपेक्षा साडेतीन बारच्या आसपास जास्त असतो, पण उष्णतेत वायू द्रवातून सुटू लागतो आणि 40 अंशांच्या सुमारास हाच दाब सहा बारकडे सरकतो, तर पेयाचे सर्वसाधारण झाकण सुमारे सहा बार दाबापर्यंत टिकेल असे धरून घडवलेले असते. त्यापलीकडे झाकणाचा खोलगट भाग उलटा फुगून बाहेर येतो आणि कधी उघडण्यासाठी कोरलेली खाच फाटते. घाट चढताना डबे फुगतात अशी एक समजूत आहे. ती खोटी नाही, पण तिचे महत्त्व फार थोडे आहे, कारण समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे 600 मीटर उंचीवरील लोणावळा-पवनानगर पट्ट्यापर्यंत हवेचा दाब जेमतेम सात शतांश बारने उतरतो. खरा धोका मे महिन्यात मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर अडकून पडलेल्या बंद टेम्पोत असतो. त्यामुळे पुरवठादाराकडून झाकणाचा फुगवटा-दाब लेखी घ्यावा आणि भरलेले नमुना डबे अपेक्षित कमाल तापमानाच्या वर काही तास ठेवून पाहावेत. वायू नसलेल्या सरबताची अडचण याच्या उलट आहे. आतून दाब नसेल तर पातळ भिंत हाताळताना चेपते, म्हणून झाकण बसण्यापूर्वी द्रवरूप नायट्रोजनचा थेंब सोडून दाब निर्माण करावा लागतो, आणि ती सोय सीमरच्या जवळच हवी.

यापुढे पेयाचा स्वभाव पाहावा लागतो, आणि मराठी घरातल्या चवी येथे परदेशी कोलापेक्षा अधिक कसोटी घेतात. ॲल्युमिनियमला आम्लापेक्षा आम्ल आणि मीठ यांची जोडी जास्त खाते, कारण मिठातील क्लोराइड धातूवरील संरक्षक थर बारीक ठिपक्यांसारखा फोडते. मीठ-जिरे घातलेले कोकम सरबत ही नेमकी तशीच जोडी आहे. झाकणाला आतून लाखेचा पातळ थर असतो, परंतु उघडण्याची टॅब बसवण्यासाठी पत्र्यातूनच जी टोपी उचलून रिव्हेट घडवतात, तेथे हा थर ताणला जातो आणि झाकणाचे पहिले कमकुवत ठिकाण तेच ठरते. लाख शाबूत आहे की नाही हे झाकणावर मिठाचे पाणी घालून त्यातून वाहणारा विद्युतप्रवाह मोजून कळते. प्रवाह जितका जास्त, तितका धातू उघडा. वाइनमध्ये क्लोराइडऐवजी मोकळा सल्फर डायऑक्साइड त्रास देतो आणि सडक्या अंड्याचा वास येऊ शकतो, म्हणून वाइनसाठी लाख स्वतंत्रपणे तपासावी. ज्यांचा सामू 4.6 च्या वर आहे अशा उसाच्या रसाला किंवा केशर दुधाला तर साधे झाकण देऊच नये. अशा कमी आम्लाच्या पेयांचे बंद डब्यात सुमारे 121 अंशांवर निर्जंतुकीकरण करावे लागते, आणि वायुयुक्त पेयाचे नेहमीचे झाकण त्या उष्णतेसाठी बनवलेले नसते.

उघडण्याच्या पद्धतीबद्दल फार लांबण लावण्याचे कारण नाही. अमेरिकेतील डेटन येथील अर्मल फ्रेझ यांनी खेचून काढायच्या कडीची कल्पना 1959 साली मांडली, पण या सुट्या कड्या रस्त्यांवर आणि किनाऱ्यांवर साचू लागल्या, आणि 1975 मध्ये रेनॉल्ड्स मेटल्स कंपनीच्या डॅनियल कडझिक यांची झाकणालाच चिकटून राहणारी टॅब बाजारात आली. संपूर्ण तोंड उघडणारे झाकण दिसायला आकर्षक असले, तरी ते सुटे होते. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवड शहर पिते, धरणाच्या काठावर तंबू टाकणाऱ्यांची गर्दी असते आणि लोहगड 2025 पासून जागतिक वारसास्थळ आहे. या परिसरात विकायच्या पेयाला चिकटून राहणारी टॅबच योग्य, आणि गर असलेल्या रसासाठी त्यातलीच मोठ्या तोंडाची घडण घ्यावी. टॅबच्या रंगाचा निर्णय सर्वांत शेवटी घेतला तरी काही बिघडत नाही.

पावसाळ्याची काळजी मात्र येथे विशेष आहे. झाकणे कागदी वेष्टनात एकावर एक रचून येतात, आणि लोणावळ्यासारख्या वर्षाला 4000 मिलिमीटरहून अधिक पाऊस असलेल्या भागात ओल धरलेला कागद फाटतो, झाकणे एकमेकांना चिकटतात आणि सीमरमध्ये दोन-दोन उतरतात. पॅलेट जमिनीपासून वर, भिंतीपासून दूर आणि मूळ आवरणात ठेवावे; थंड गुदामातून दमट भरणी-दालनात आणलेले वेष्टन लगेच न उघडता एक दिवस तेथेच राहू द्यावे, म्हणजे धातूवर दव धरत नाही. आधी आलेला माल आधी वापरावा, कारण रबरी लेपालाही आयुष्य असते.

खरेदीच्या वेळी पुरवठ्याची खात्री दरापेक्षा मोलाची मानावी. पेयांच्या डब्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र बंधनकारक झाल्यानंतर आयात अवघड झाली आणि 2025 मध्ये बिअर उत्पादकांच्या संघटनेने तुटवड्याबद्दल सरकारकडे दाद मागितली. म्हणून प्रमाणपत्राची प्रत, लाखेची अन्नसंपर्कासाठीची चाचणी आणि डबे व झाकणे एकाच घडणीची असल्याचे लेखी आश्वासन करारात असावे. भरणी सुरू झाल्यावर प्रत्येक पाळीत सीमरच्या प्रत्येक डोक्याखालचा निदान एक डबा कापून घडीत दुमडलेल्या दोन्ही कडांची लांबी व गुंफण मोजावी, आकडे वहीत लिहावेत आणि ते पुरवठादाराच्या तक्त्यातून सरकू लागताच यंत्र थांबवावे, मग त्या दिवशीची मागणी कितीही मोठी असो.