विमानतळावर मोटार ठेवावी कीं नाहीं?

प्रवासास निघतांना आपण तिकिटाचा भाव चार ठिकाणीं पाहतों, बॅगेचें वजन दोनदां करतों, आणि मोटार मात्र विमानतळाच्या आवारांत जेथें पहिली मोकळी जागा दिसेल तेथें सोडून धांवत सुटतों. परत आल्यावर पार्किंगचा आंकडा समोर येतो, तेव्हां ध्यानांत येतें कीं, आपण ज्या धर्मशाळेंत उतरलों होतों तिच्यापेक्षां आपली मोटारच अधिक थाटानें राहिली.

मोटार न्यावी कीं नाहीं, याचें उत्तर विमानतळाच्या दरफलकावर नसतें. आपलें घर तेथून किती दूर आहे, यांत तें असतें. दोन घरें घेऊं. आंकडे केवळ हिशेब समजावा म्हणून धरले आहेत. ज्यानें त्यानें आपले घालून पाहावेत. समजा, मोटार ठेवण्यास दिवसाला 800 रुपये पडतात. दादरच्या कुटुंबास टॅक्सीनें सहारला जाण्यायेण्यास 1,000 रुपये लागतात, आणि स्वतःची मोटार नेली तर पेट्रोल 200 रुपयांचें. फरक 800 रुपयांचा, म्हणजे नेमका एका दिवसाच्या भाड्याएवढा. सकाळीं दिल्लीस जाऊन रात्रीं परतणाऱ्या दादरकरानें मोटार खुशाल न्यावी. दुसरा दिवस उजाडणार असेल तर टॅक्सीच स्वस्त. आतां आमच्या नाशिकचें घर पाहा. भाड्याची गाडी जाण्यायेण्यास 8,000 रुपये मागते. घरची मोटार पेट्रोल व टोल धरून 3,200 रुपयांत जाऊन येते. फरक 4,800, म्हणजे सहा दिवसांचें भाडें. सहा दिवसांच्या आंत परतावयाचें असल्यास मोटार नेण्यांत लाभ आहे. मुलीच्या बाळंतपणासाठीं तीन महिने परदेशीं जाणाऱ्यानें तो विचारच करूं नये.

“आम्हांला मेहुणा पोंचवून येतो, आमचा खर्च कांहींच नाहीं,” असें सांगणारेहि भेटतात. पण मेहुणा पोंचवून रिकामा परततो आणि आणावयास पुन्हां रिकामा जातो. दोन खेपांच्या जागीं चार खेपा होतात, आणि मेहुण्याचे दोन दिवस मोडतात ते निराळेच.

दर विचारतांना एक प्रश्न अवश्य विचारावा: तुमचा दिवस कसला? मोटार आंत शिरल्यापासून चोवीस तासांचा, कीं मध्यरात्रीं बदलणाऱ्या तारखेचा? रात्रीं अकरा वाजतां मोटार ठेवणाऱ्यास या दोहोंत एका दिवसाच्या भाड्याचा फरक पडतो. शिवाय तासांचे दर पायऱ्यापायऱ्यांनीं चढतात. विमान दोन तास उशिरा आलें तर आपला कांहीं अपराध नसतांना वरची पायरी लागूं शकते.

मुंबईकरांना दुसरी एक अडचण आहे. सांताक्रूझचें पहिलें टर्मिनल आणि 2014 सालीं सुरू झालेलें सहारचें दुसरें टर्मिनल यांच्यामध्यें धांवपट्टीचें आवार पसरलेलें आहे. एकीकडून दुसरीकडे जावयाचें तर बाहेरच्या रस्त्यानें वळसा पडतो. जातांनाचें विमान एका टर्मिनलवरून आणि येतांनाचें दुसऱ्यावर, असें तिकिटावर असूं शकतें, आणि तें आपण वाचीत नाहीं. त्यांत 2025 च्या डिसेंबरांत नवी मुंबईच्या विमानतळावरूनहि विमानें उडूं लागलीं. आतां मोटार सहारला आणि धनी खाडीपलीकडे, अशी फजिती होऊं शकते. तेव्हां मोटार कोठें ठेवावी हें जाण्याच्या तिकिटावरून न ठरवितां परतीच्या तिकिटावरून ठरवावें.

फार दिवस उभ्या राहिलेल्या मोटारीची बॅटरीहि उतरते, कारण किल्ली काढली तरी आंतलीं कांहीं यंत्रें थोडी थोडी वीज खातच असतात. हा धडा मीं पैसे देऊन घेतला आहे. वीस दिवसांनीं परतलों, रात्रीचे तीन वाजले होते, सत्तरीची आई सामानाच्या ढकलगाडीला टेकून उभी, आणि मोटार हूं कीं चूं करीना. आमची बॅटरी चार वर्षांची जुनी होती, हें मला निघण्यापूर्वीं आठवावयास हवें होतें. त्या रात्रीं सव्वा तास गेला.

तरीहि त्या सव्वा तासाचें मला दुःख नाहीं. खरें भय मला त्यानंतरच्या प्रवासाचें वाटलें. परदेशाहून मुंबईस येणारीं पुष्कळ विमानें मध्यरात्रीनंतर उतरतात. दहाबारा तास बसून आलेला, ज्याच्या शरीराचें घड्याळ अजून परदेशाच्या वेळेवर चाललेलें आहे, असा मनुष्य पहांटे चाकामागें बसतो आणि कसाऱ्याचा घाट चढूं लागतो. शहापूरच्या पुढें माझे डोळे एकदां मिटले. क्षणभरच. आई मागच्या आसनावर झोपलेली होती. तिला मीं आजतागायत हें सांगितलेलें नाहीं. वरच्या हिशेबांत 4,800 रुपयांची बचत मीं मोठ्या ऐटीनें मांडली, पण जागा असलेला दुसरा चालक बरोबर नसेल, तर ती रक्कम हिशेबांत धरूंच नये असें माझें मत आहे.

आम्ही आतां निराळीच व्यवस्था केली आहे. मोटार ठाण्यास बहिणीच्या सोसायटींत ठेवतों. दिवसाचें विमान असेल आणि सामान आटोपशीर असेल, तर लोकलनें घाटकोपर, तेथून मेट्रोनें मरोळ नाका, आणि तेथें गाडी बदलून तिसऱ्या मार्गिकेवर पुढचेंच स्थानक दुसऱ्या टर्मिनलचें. 2024 च्या ऑक्टोबरांत ही मार्गिका सुरू झाल्यापासून हें साधूं लागलें. मध्यरात्रीच्या विमानास मात्र मेट्रो उपयोगाची नाहीं. तेव्हां ठाण्याहून टॅक्सी. परतल्यावर बहिणीकडे सकाळपर्यंत झोप, दुपारचें जेवण, आणि मग उजेडीं घाट. मेहुण्यास मीं एवढीच विनंति केली आहे कीं, आठवड्यांतून एकदां मोटार बाहेर काढून फेरफटका मारून आणावी. तो ती आनंदानें मान्य करतो. भाडें म्हणून हंगामांत द्राक्षांची एक पेटी ठरली आहे, आणि बिगरहंगामांत चिवडा.