यादीत न लिहिलेली एक ओळ



मी मिरजेचा. ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ एकेकाळी आमच्या जंक्शनात येऊन मिळायचे. गाडी बदलायला उतरलेली माणसं वेटिंग रूममध्ये रात्र काढायची. म्हणून १९८७ साली गुलजार यांचा 'इजाजत' पाहिला, तेव्हा त्यातली वेटिंग रूम मला फार ओळखीची वाटली.

बाहेर पाऊस, आत दोन प्रवासी. महेंदर आणि सुधा. एकेकाळचे नवरा-बायको. नसीरुद्दीन शाह आत येतो, रेखा आधी तोंड लपवते. मग बोलणं निघतं आणि एका रात्रीत मोडलेल्या संसाराचा हिशेब होतो. सुबोध घोष यांच्या 'जतुगृह' या बंगाली कथेवर हा चित्रपट बेतलेला आहे. जतुगृह म्हणजे लाक्षागृह. दिसायला घर भक्कम, फक्त ठिणगी पडायचा अवकाश.

इथे ठिणगी म्हणजे माया. महेंदरचं तिच्यावर प्रेम होतं आणि ते त्यानं लग्नाआधीच सुधाला सांगितलेलं असतं. फसवाफसवी नाही, मारझोड नाही. तिघंही भली माणसं. तरी संसार टिकत नाही. मायाच्या वस्तू परत पाठवल्या जातात, तेव्हा तिचं उत्तर कवितेत येतं. वस्तू पोचल्या, पण सोबत घालवलेले दिवस तुझ्याकडेच राहिले, तेही पाठवून दे, असा त्याचा भाव. ना यमक, ना ठेका! राहुल देव बर्मन यांनी त्याला चाल लावली, आशा भोसले गायल्या. गीत आणि गायन, दोहोंना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

पण त्या गाण्याचा खरा अर्थ मला कळला तो आमच्याच घरात.

१९९१ साल. मी बी.ए. होऊन नोकरी शोधत होतो. थोरल्या आपाच्या सासरहून रजिस्टर पत्र आलं. दुल्हाभाईंनी तीनदा तलाक लिहून पाठवला होता. महेंदर आणि सुधाला बोलायला अख्खी रात्र मिळाली, आपाला एक कागद मिळाला. ही रीत सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली रद्दबातल ठरवली, २०१९ साली तिच्याविरुद्ध कायदाही झाला. आपासाठी फार उशिरा.

जमातीचे चार बुजुर्ग बैठकीला बसले. माझं अक्षर चांगलं, म्हणून सामानाची यादी लिहायला मला बसवलं. तांब्याचा हंडा एक. परात एक. रजया दोन. शिलाई मशीन एक. खाली मेहरची रक्कम. "आणखी काही?" एकानं विचारलं. दाराआडून आपा म्हणाली, "परसात मी लिंबाचं झाड लावलंय. यंदाच फळ धरलंय."

सगळे हसले. कोणी म्हणालं, "पोरी, झाड काय टेम्पोत घालून आणायचं?" मीही हसलो. ती ओळ मी लिहिली नाही. पुढे पुष्कळ कविता लिहिल्या, छापून आल्या. पण त्या यादीतली ती एक ओळ राहिली ती राहिलीच.

चित्रपटाच्या शेवटी सुधाचा दुसरा नवरा, शशी कपूर, तिला न्यायला येतो. ती महेंदरच्या पायाशी वाकते. मागच्या वेळी न विचारता गेले, आता इजाजत द्या, म्हणते. थिएटरात तेव्हा माझे डोळे भरले होते. आज प्रश्न पडतो, इजाजत तिनंच का मागायची? निरोप घेण्याचा रिवाज दोघांचाही असतो. आपाला कोणी काही विचारलंच नव्हतं.

त्याच मशीनवर कपडे शिवून आपानं दोन मुली शिकवल्या. मध्यंतरी 'इजाजत' टीव्हीवर लागला होता. ते गाणं संपलं. आपा बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हिच्या यादीला कुणी हसलं नाही बघ."

मी काहीच बोललो नाही. माफी मागायला तीस वर्षं उशीर झाला होता. तरी मागितली.