मूल कोणाला सांगतं?

जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या मुख्याध्यापक बंधू-भगिनींनो, संचमान्यता, वेतनेतर अनुदान, अशैक्षणिक कामं हे सगळं सचिवांच्या अहवालात आलंच आहे. त्यावर मी वेळ घेत नाही. मला एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलण्यासाठी मी बरीच वर्षं थांबलो आहे.

काल गटचर्चेत वाद झाला. शाळेत मारहाण होते तेव्हा नुसती बघत राहणारी मुलं दोषी की नाहीत? कोणी म्हणालं, त्यांच्याही पालकांना बोलवा. कोणी म्हणालं, मूल्यशिक्षणाचे तास वाढवा. आजूबाजूला माणसं जितकी जास्त, तितकं मदतीला धावणं कमी, हे डार्ली आणि लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ सालीच प्रयोगांनी दाखवलं. मोठ्या माणसांची ही गत, तर सातवीतल्या पोराला कसला जाब विचारता? आणि मुलं गप्प बसतात हेच मला मान्य नाही. ती सांगतात. फक्त तुम्हाला-मला सांगत नाहीत.

आमच्या शाळेत मोठ्या वर्गातली तिघं एका मुलाला मधल्या सुट्टीत डब्यासकट पाण्याच्या टाकीमागे ओढून न्यायची. वर्गशिक्षकांना पत्ता नाही, मला नाही. कार्यालयाच्या दारात तक्रारपेटी होती, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेसमोर, कायम रिकामी. पाचवीतल्या एका पोराने नळावर बाटली भरता भरता सांगितलं ते घंटा देणाऱ्या मावशींना. ‘लेखी दे’, ‘तू तिथे काय करत होतास’ असलं काही मावशींनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सुट्टीची घंटा दिली आणि झाडू घेऊन त्या थेट टाकीमागे जाऊन उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे आल्या. सांगणाऱ्या मुलाचं नाव मी दोनदा विचारलं. त्यांनी मलाही सांगितलं नाही.

त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्याबरोबर पदही गेलं. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने खासगी अनुदानित शाळांत शिपायाच्या कायम पदाच्या जागी शिपाई भत्ता आला. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाला, आणि उपाय म्हणून आपल्याला सीसीटीव्ही आणि तक्रारपेटीची सक्ती मिळाली. कॅमेरा हवाच, माझा विरोध नाही. पण कॅमेऱ्याच्या कानात कुठलं पोर काही सांगणार आहे?

कोणी म्हणेल, बदलापुरातला आरोपी सफाई कामगारच होता. होता, आणि नुकताच कंत्राटावर आलेला होता. म्हणूनच माझा आग्रह कायम माणसासाठी आहे: गावाला ठाऊक असलेला, घरादारासकट पारखलेला, वर्षानुवर्षं मुलांच्या नजरेसमोर वावरलेला.

मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा कळला की पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा संस्थाप्रमुखाने दडवला तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद. ‘शाळेची बदनामी होईल’ म्हणणाऱ्यांनी हे कलम घरी जाऊन वाचावं. पण कायदा लागू होतो तो कळल्यानंतर. जिच्यामुळे कळायचं, ती नळापाशी उभी असलेली बाईच आपण गमावली आहे!

मुलांशी कसं बोलावं, कसं ऐकावं याचं प्रशिक्षण शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनाही मिळायला हवं. त्याचा आराखडा कार्यकारिणीने यथावकाश करावा. दुपारच्या खुल्या अधिवेशनात मात्र एक ठराव आजच घ्या: भत्ता नको, शाळेला तिचा शिपाई आणि तिच्या मावशी परत द्या. सूचक म्हणून माझं नाव लिहा.