वीज गेली तरी चूल विझू नये

(पावसाळ्याच्या तोंडावर झालेल्या एका कुटुंब मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, मंडणगड, दापोली या भागांतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले व पत्रे उडाले आणि विजेचे खांब हजारोंच्या संख्येने कोसळले. वादळ काही तासांत पुढे सरकले. वीज मात्र अनेक गावांत कित्येक आठवडे परतली नाही. त्यातच करोनाची टाळेबंदी, मुके झालेले दूरध्वनी आणि दाराशी आलेला पाऊस. अशा वेळी ज्या घरात एक तान्हे मूल आहे, एक वृद्ध रुग्ण आहे आणि दोन वेळा चार ताटे मांडायची आहेत, त्या घराने काय करावे, हा आजच्या विचाराचा विषय आहे.

हे संकट केवळ किनारपट्टीचे आहे, असे शहरवासीयांनी मानू नये. ३० आणि ३१ जुलै २०१२ या लागोपाठच्या दोन दिवशी उत्तर आणि पूर्व भारतातील वीजजाळे कोलमडले व दुसऱ्या दिवशी ६० कोटींहून अधिक लोकवस्तीचा प्रदेश अंधारात गेला. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगरीची वीज गेली, लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. या दोन्ही वेळी वीज काही तासांत अथवा एक-दोन दिवसांत परत आली. ती महिनाभर आली नसती तर काय झाले असते, याचा विचार करून ठेवणे यातच शहाणपण आहे.

वीज जाणे म्हणजे दिवा जाणे, अशी एक सर्वसाधारण समजूत असते. वस्तुस्थिती तशी नाही. विजेवाचून विहिरीचा पंप थांबतो आणि रहाट तर केव्हाच काढून टाकलेला असतो. कणगीत गहू भरलेला असूनही गिरणी बंद म्हणून पीठ मिळत नाही. मिक्सर निकामी होतो आणि पाटा-वरवंटा अंगणात पायरी म्हणून बसवलेला असतो. रास्त भाव दुकानातील यंत्र चालत नाही, बँकेचे पैसे देणारे यंत्र बंद पडते, मोबाइलवरून पैसे चुकते करता येत नाहीत. म्हणजे धान्य असून अन्न नाही आणि पैसा असून खरेदी नाही, अशी अवस्था येते. म्हणूनच पहिली सिद्धता अगदी साधी आहे: घरात थोडी रोख रक्कम, गॅसचे एक भरलेले सिलिंडर, विहिरीला दोर व पोहरा आणि दळणावाचून शिजणारे धान्य. तांदूळ, डाळी, पोहे, साबुदाणा, फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ यांना गिरणी लागत नाही.

वीज गेल्यावर पहिला प्रश्न शीतकपाटाचा येतो. दार न उघडल्यास आतील गारवा साधारण चार तास टिकतो. बर्फाचा कप्पा स्वतंत्र आणि गच्च भरलेला असेल तर तो दोन दिवस, अर्धा भरलेला असेल तर एक दिवस तग धरतो. त्यामुळे दर अर्ध्या तासाने दार उघडून पाहणे हाच मोठा अपव्यय होय. प्रथम दूध, शिजवलेले अन्न, मासे-मटण यांचा उपयोग करावा. कांदे, बटाटे, लोणची, सुकी चटणी यांना शीतकपाटाची गरजच नसते. ५ ते ६० अंश तापमानात रोगजंतू झपाट्याने वाढतात. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा अधिक आणि कडक उन्हाळ्यात एका तासापेक्षा अधिक तसेच ठेवू नये. शिळ्या भाताविषयी विशेष सावधगिरी हवी. तांदळातील काही जंतूंची बीजे शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि त्यांनी निर्माण केलेले विष पुन्हा तापवल्याने जात नाही. अन्न टाकणे ही आपल्या घरांत जिवावर येणारी गोष्ट आहे. पण रस्ता बंद, दवाखाना दूर आणि घरात जुलाब सुरू झाले, तर वाचवलेला वाटीभर भात फार महाग पडतो. यावर एकच उपाय आहे: मोजून शिजवावे आणि एका बैठकीत संपवावे.

दुधाचे उदाहरण यादृष्टीने बोलके आहे. दूध टिकत नाही. त्याचे दही झाले की आंबटपणामुळे ते अधिक टिकते. त्याचे लोणी कढवून तूप केले की त्यातील पाण्याचा अंश जातो आणि ते महिनोन्‌महिने राहते. जंतूंना वाढण्यास पाणी लागते. ते वाळवून काढावे, मिठाने वा साखरेने बांधून ठेवावे किंवा पदार्थात आंबटपणा आणावा, ही तीन तत्त्वे म्हणजेच आपल्या आजी-पणजींचे साठवणशास्त्र होय. आमसुले, आंबापोळी, फणसपोळी, सांडगे, कुरडया, पापड, खारातील कैऱ्या, सुके बोंबील आणि सोडे हे सारे याच तत्त्वांवर टिकतात. भाजलेल्या धान्यांचे मेतकूट, कुळथाचे पिठले, नाचणीचे सत्त्व यांनी अल्प इंधनात जेवण होते. नाचणीला कीड सहसा लागत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे ठेवता येते. मात्र शिजवलेल्या भाज्या किंवा तेलातील ओली लसूण बाटलीत घट्ट बंद करून बाहेर ठेवण्याचा प्रयोग करू नये. हवा नसलेल्या जागी घातक विष निर्माण होऊ शकते.

ताज्या भाज्यांसाठी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विजेवाचून चालणारा शीतकक्ष विकसित केला आहे. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, वर झाकण आणि सकाळ-संध्याकाळ पाण्याचा शिडकावा, एवढेच त्याचे साहित्य. माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, त्याच कारणाने हा कक्ष गार राहतो. घरात दोन मडकी एकात एक ठेवून व मध्ये ओली वाळू भरून हेच साधते. पण त्याची मर्यादा ओळखली पाहिजे. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय उत्तम. कोकणातील दमट पावसाळ्यात पाण्याची वाफच होत नाही, तेथे वाळवणाचाच आधार. दूध, मांस यांसाठी मात्र हा गारवा कोठेही पुरेसा नाही.

पावसाळ्यात रानही अन्न देते. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, शेवळे यांची ओळख डोंगरातील भगिनींना आजही आहे. अळू-शेवळ्यांची खाज आंबटाने मारावी लागते, हे ज्ञान त्यांच्याकडूनच शिकावे. जाणत्या व्यक्तीने ओळखल्याविना रानातील कोणतेही पान खाऊ नये आणि अळंबीबाबत तर धाडस नकोच.

पाणी हे पहिले अन्न. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. पाणी गाळून, खळखळून उकळी आणूनच प्यावे. तान्ह्या बाळाला आईचे दूध हाच सर्वांत सुरक्षित आहार. मधुमेही रुग्णाचे वापरातील इन्सुलिन सामान्यतः चार आठवड्यांपर्यंत सावलीतील गारव्यात राहू शकते. तरी प्रत्येक औषधाची मर्यादा वैद्यांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावी. पावसाला कंटाळून बंद खोलीत शेगडी पेटवणे जिवावर बेतते, हेही विसरू नये.

शेवटचा मुद्दा कार्यकर्त्यांसाठी. आपत्तीनंतर मदत घेऊन धावणे हा आपला स्वभाव आहे. आपत्तीपूर्वी वस्तीची माहिती ठेवणे हा त्याचाच अधिक उपयुक्त भाग मानला पाहिजे. गावात डिझेलवर चालणारी गिरणी कोणाकडे आहे, हाताने पाणी काढता येईल अशी विहीर कोणती, जाते अजून कोणाच्या घरी आहे, एकटे वृद्ध आणि लहान मुले कोणत्या घरांत आहेत, याची एक वही प्रत्येक वस्तीत असावी. मदत पाठवताना पाव, शिजवलेले अन्न किंवा नासणारी भाजी पाठवण्यापेक्षा तांदूळ, डाळ, पोहे, गूळ, मीठ, मेणबत्त्या व काडेपेट्या पाठवाव्यात. गहू पाठवायचा तर पीठ करून पाठवावा.

येत्या रविवारी प्रत्येक कुटुंबाने एक प्रयोग करून पाहावा. सकाळी मुख्य कळ बंद करावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत घर चालवावे. काय अडते, ते मुलांनी लिहून काढावे. आजीला विचारून त्यातील निम्म्या अडचणी सुटतील. उरलेल्या निम्म्यांसाठी शेजारच्या घराचे दार ठोठावे लागेल. ते दार ओळखीचे असणे, हीच खरी सिद्धता.