शिखरावरचं फूल आणि पाचोळ्यातली बुरशी

आज आम्ही दोन इवल्याशा, पांढऱ्या जिवांची गोष्ट सांगणार आहोत. एक फूल, एक बुरशी. दोन्हींची गोष्ट युरोपात घडलेली.

फुलाचं नाव एडलवाइस. आल्प्स पर्वतात साधारण १,८०० ते ३,००० मीटर उंचीवर, खडकांत ते उगवतं. आपल्या झेंडू-सूर्यफुलाच्या कुळातलं. त्याच्या पांढऱ्या पाकळ्या दिसतात ना, ती खरं तर लव असलेली पानं. खरी फुलं मधोमध, बारीक पिवळसर. ही लव म्हणजे त्याची घोंगडीच. थंडी, वारा, कडक ऊन सगळं त्यावर निभावतं. माणसाच्या हातापुढे मात्र घोंगडीचा उपयोग झाला नाही. हौसेपायी लोकांनी ती फुलं इतकी तोडली, की एकोणिसाव्या शतकातच तोडणीवर बंदी घालायला सुरुवात झाली.

आता बुरशी. ती मूळची पूर्व आशियातली. तिथल्या अ‍ॅश झाडांना तिची सवय, त्यामुळे फारसं बिघडत नाही. युरोपातल्या अ‍ॅशला ती परकी. हे झाड आपल्या मोगऱ्याच्या कुळातलं. त्याचं लाकूड अवजारांच्या दांड्यांसाठी नावाजलेलं. १९९२ मध्ये पोलंडमध्ये ही झाडं वाळताना दिसली. गळून पडलेल्या पानांच्या देठांवर उन्हाळ्यात या बुरशीच्या काही मिलिमीटरच्या पांढऱ्या छत्र्या उगवतात. त्यांतले बीजाणू वाऱ्याने हिरव्या पानांवर बसतात. पानातून देठात, देठातून फांदीत रोग शिरतो आणि झाड शेंड्याकडून वाळतं. ब्रिटनमध्ये २०१२ साली तो प्रथम सापडला, तो बाहेरून आणलेल्या रोपांवर. त्याच वर्षी अशी रोपं आणायला बंदी झाली, पण तोवर रोग रानात पोचला होता.

म्हणजे बघा, फूल माणसाने नेलं म्हणून कमी झालं, आणि बुरशी माणसाने आणली म्हणून पसरली.

आपले गटही रोपवाटिका चालवतात, कलमं विकत आणतात. रोप घेताना पान उलटून बघू या. डाग आहेत का, शेंडा वाळलाय का? नवी रोपं थोडे दिवस वेगळी ठेवू या. रोगट पाला दुसऱ्याच्या बांधावर टाकायचा नाही.

आणखी एक. रोगाच्या साथीतही काही अ‍ॅश झाडं तग धरून आहेत. शास्त्रज्ञ त्यांचंच बी जपतात. आपणही शेतात रोग आला, की तगलेलं झाड हेरू या आणि त्याचं बी राखून ठेवू या.