'ओव्हरडू' : एक क्रियापद

इंग्रजींतील 'ओव्हरडू' म्हणजे केवळ 'पुष्कळ करणें' नव्हे. 'ओव्हर' म्हणजे मर्यादेपलीकडे. पुष्कळ करणाराची स्तुति होते. 'ओव्हरडू' करणारास दोषच लागतो. हें क्रियापद सकर्मक असल्यामुळें काय अति केलें तें सांगावें लागतें. दुखण्यांतून उठलेल्या माणसास इंग्रज 'डोंट ओव्हरडू इट' म्हणतो. आपण म्हणतों, 'जरा बेतानें घ्या.' फाजील शिजलेलें मांस 'ओव्हरडन' ठरतें.

मोल्सवर्थसाहेबांनीं आरंभिलेला इंग्रजी-मराठी कोश कँडीसाहेबांनीं १८४७ सालीं पुरा केला. हे कँडीसाहेब आपल्या पुण्याच्या पाठशाळेचे प्रमुख होते. कोशांत प्रतिशब्द सांपडतो. त्याची जागा मात्र प्रसंग पाहूनच ठरते. 'अतिरेक करणें' हा सरळ अर्थ खरा. परंतु वाद असेल तर 'ताणणें' आणि अभिनय असेल तर 'भडक करणें' हेंच शोभतें. 'अति तेथें माती' या म्हणींत तर सारा अर्थ आला.

शिक्षकबंधूंस एवढीच विनंति : मुलाच्या निबंधावर ओळीओळीस लाल शाई फिरविली, तर तेंही 'ओव्हरडू'च. चुकांबरोबर लिहिण्याची उमेदही पुसली जाते.